बाई येते म्हणाल्या

कोटाचं दुसरं बटण घट्ट होतं. वाचनालयातून निघताना तिनं सवयीनं बोटं छातीशी नेली, कारण ते बटण कधीपासून एका धाग्यावर लोंबत होतं आणि काजात घालताना त्याला आजारी माणसासारखं जपावं लागायचं. आज ते हललंच नाही. तिनं चिमटीत धरून ओढून पाहिलं. घट्ट. मग ती खिडकीच्या उजेडाला गेली. चारही भोकांतून दोरा फुलीसारखा गेलेला, आणि बटण नि कापड यांच्या मध्ये दोऱ्याची बारीक मान गुंडाळलेली, जाड कापडात बटण चेपून बसू नये म्हणून. असं बटण घरची बाई लावत नाही. घरची बाई आपली चार टाके मारते आणि गाठ देऊन मोकळी होते. आधी तिच्या मनात मावशीच आली होती. ती मावशीकडंच राहायची. पण मावशी दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासून इतकी शिणायची, की घरी आल्यावर सुईत दोरा ओवायला सांगितला असता तर तिनं सुईच फेकून मारली असती. तिनं कोट उलटा करून आतली गाठ पाहिली. दोरा गाठीशी सपाट कापलेला होता. दातानं तोडलेला नव्हता, कापलेला होता. ती तिथल्याच बाकावर बसली. शेजारी दोन मुली परीक्षेच्या गप्पा मारत होत्या, कुणीतरी मोठ्यानं हसत होतं. बाहेरच्या खुंट्यांवर सगळ्यांचे कोट एकाला एक खेटून लोंबत होते. आत कोट न्यायची परवानगी नव्हती. दिवसभरात त्या खुंट्यांसमोरून कोण गेलं, कोण थांबलं, कुणी कुणाचा कोट मांडीवर घेऊन बसलं, ते कुणी कशाला पाहील?

हे टाके तिच्या ओळखीचे होते. शिक्षणाचा भाग म्हणून तिला काही आठवडे वेड्यांच्या इस्पितळात काढावे लागले होते, आणि तिथल्या पुरुषांच्या वॉर्डात खिडकीखाली मास्तर बसायचे. बाहेर असताना ते शिंपी होते, म्हणून मास्तर. इस्पितळाच्या फाटक्या चादरी, उशांचे अभ्रे, कुणाच्या पायजम्याची नाडी, सगळं त्यांच्याकडं यायचं. सुई हातात देताना आणि परत घेताना वॉर्डातले मामा समोर उभे राहायचे. कात्री मात्र नाही. कात्रीचं नावसुद्धा नाही. मास्तर दोरा दातानं तोडायचे, आणि तोडताना डोळे मिटून घ्यायचे, चारचौघांत अंगावरचं कापड सुटलेल्या माणसासारखे. "कात्रीविना शिंपी म्हणजे काय, बाई," ते एकदा म्हणाले होते, "दात पडलेला कुत्रा. भुंकतो नुसता." आणि स्वतःच हसले होते. त्यांचं हसणं चांगलं होतं. दाढी केलेली, भांग पाडलेला, बोलणं हळू. पहिल्या दिवशी तर ती त्यांनाच डॉक्टर समजून नमस्कार करणार होती. मग मामांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं. "गरीब दिसतो ना? याच गरिबानं मालकाच्या गळ्यात कात्री घातली. भर दुपारी, भर दुकानात. मालक तडफडतोय, आणि हा शेजारी बसून हातातली पँट पुरी करतोय. पोलीस आले तर म्हणे, थांबा, इस्त्री राहिलीय." मामा हे सांगताना हसले नव्हते. "पाठ देऊ नकोस पोरी त्याला. बाकी देवमाणूस आहे."

तिनं पायऱ्यांवर येऊन इस्पितळात फोन लावला. मोठ्या सिस्टर लाईनीवर आल्या, आणि ती काही बोलायच्या आत म्हणाल्या, "तुला कुणी सांगितलं गं? आम्ही अजून बाहेर बोललेलो नाही." मग आपणच बोलून बसलो हे कळल्यावर त्यांनी उरलेलंही सांगितलं. मास्तर परवापासून नव्हते. धुलाईची गाडी आली होती, गठ्ठे चढवायला ते नेहमी हात लावायचे. गाडी गेली आणि मास्तरही गेले. "तसा चार दिवस बिनसलेलाच होता," सिस्टर म्हणाल्या. "दाराशी बसून असायचा. जेवायला उठेना. विचारलं तर एकच. बाई येते म्हणाल्यात. मी म्हटलं कुठली बाई? तर तुझंच नाव. त्याला येते कोण म्हणालं गं?" समोर रस्त्यावर एक माणूस सायकल हातात धरून उभा होता आणि तिला वाटलं, हेच ते. ते नव्हते. फोनमध्ये सिस्टर अजून बोलत होत्या. पोलिसांना कळवलंय, सापडतीलच, जाणार कुठं, तू आपली एकटीदुकटी फिरू नकोस.

येते कोण म्हणालं! पहिल्याच सकाळी सगळ्या विद्यार्थिनींना ओळीत उभं करून मोठ्या सिस्टरनी तो नियम सांगितला होता. या वॉर्डात निघताना 'येते' म्हणायचं नाही. सरळ 'जाते' म्हणायचं. इथली माणसं शब्द जसाच्या तसा घेतात. तुम्ही येते म्हणून बसमध्ये बसाल, आणि ती दाराशी वाट बघत बसतील. मुली हसल्या होत्या, पण दोन दिवसांत सगळ्यांच्या जिभेला वळण लागलं. जाते काका, जाते आजोबा. तिच्या जिभेला लागलं नाही. लहानपणी ती शाळेला निघताना 'जाते' म्हणाली की आई हातातलं टाकून धावत यायची आणि तिच्या तोंडावर हात ठेवायची. येते म्हण. आधी येते म्हण, मग उंबरा ओलांड. बाबा ट्रक चालवायचे. एका सकाळी आईशी भांडून ते 'जातो' म्हणून निघाले आणि घाटात गाडी गेली. ब्रेक निकामी झाले होते असं सगळे म्हणाले, मालकानंही कबूल केलं. आईनं ब्रेकला कधी दोष दिला नाही. ती त्या शब्दालाच धरून बसली. तेव्हापासून तो शब्द घरात विंचवासारखा होता. दिसला की सगळे पाय वर घ्यायचे. म्हणून वॉर्डातून निघताना ती काहीच म्हणायची नाही. कुणाचं लक्ष नसताना सटकायची. शेवटच्या दिवशी मात्र मास्तरांनी तिला दारात गाठलं. "निघालात बाई?" त्यांच्या हातात कुणाचा तरी अर्धा शिवलेला सदरा होता. ती म्हणाली, "हो मास्तर. येते हं." अगदी सहज. शेजारणीला म्हणावं तसं. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "कधी?" आणि ती हसली. त्या प्रश्नाला दुसरं काय करायचं असतं? बाहेरच्या जगात येते म्हटल्यावर 'कधी?' असं कुणी विचारत नाही.

चौकीत हवालदारानं तिला बसायला खुर्ची दिली. "त्यानं तुम्हाला धमकी दिली?" नाही. "अंगाला हात लावला? पाठलाग?" नाही, म्हणजे, दिसला नाही. "मग केलं काय त्यानं?" ती म्हणाली, "बटण लावलं." हवालदारानं कान पुढं केला. "काय लावलं?" तिनं कोट दाखवला. टेबलापलीकडचा दुसरा हवालदार म्हणाला, "असला वेडा आमच्या घरी पाठवा की. बायकोला सहा महिने सांगतोय." दोघंही हसले, आणि नंतर पहिल्याला वाईट वाटलं असावं, कारण त्यानं तिला पाणी दिलं. "घाबरू नका. माणूस खुनी आहे हे आम्हाला माहीत आहे. शोध चालू आहे. पण दारात शिपाई उभा करायला आमच्याकडं माणसं नाहीत. एखादं भक्कम कुलूप बसवून घ्या." कॉलेजात तिच्या सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ही केस फार बोलकी आहे, शांत झाल्यावर यावर नीट बोलू. मैत्रीण म्हणाली, माझ्याकडं चल राहायला, आणि लगेच तिचा चेहरा उतरला. मैत्रिणीच्या घरी लहान भावंडं होती. तिनं स्वतःच नको म्हटलं. सगळे चांगले होते. कुणी वाईट नव्हतं. प्रत्येकानं आपापल्या दारापर्यंत सोबत केली, आणि दाराच्या अलीकडं ती एकटी उरली.

मावशीला तिनं सगळं सांगितलं, तेही शब्दासकट. मावशी लसूण सोलत होती. "अगं, मग येते नाही म्हणायचं तर काय मरते म्हणायचं? तुझ्या त्या सिस्टरला अक्कल नाही. माणसाला निरोप द्यायची ही कुठली रीत?" मग जरा वेळानं, "दिसतो कसा तो?" ती म्हणाली, चांगला दिसतो. "हां, तसलेच वाईट," मावशी म्हणाली आणि दुसऱ्याच दिवशी सुट्टी काढून सुतार आणला. जुनं खटक्याचं कुलूप काढून नवं बसवलं, भलंमोठं, तिजोरीला शोभेल असं. मावशी दिवसातून दहादा ते उघडून बंद करून पाही आणि म्हणे, आता हत्ती आला तरी बाहेरच.

पण भीती काही दारातूनच येते असं नाही. ती आधीपासून आत असते, घरातल्या वस्तू वापरते. तिचा परकर गॅलरीत वाळत होता, त्याची उसवलेली शिवण एका दुपारी नीट झालेली दिसली, आणि ती कित्येक वेळ आठवत बसली की ही शिवण मुळात उसवली होती का, की आपणच कधी तरी घातली. मावशी म्हणाली, मला काय माहीत बाई तुझ्या परकराचं. गॅलरी खालच्या जमिनीवरून हात वर केला तर लागेल इतकीच उंच होती. ती कपडे आत वाळवू लागली. खोलीत ओलसर वास भरून राहिला. रस्त्यानं चालताना तिला आपल्या मागची प्रत्येक चप्पल वेगळी ऐकू येऊ लागली. लहानपणी ती आणि बाबा एक खेळ खेळायचे. बाबा कामावरून आल्यावर दाराआड लपायचे, आणि तिला ते कुठं आहेत हे माहीत असायचं, त्यांच्या अंगाचा डिझेलचा वास यायचा, तरी ती मुद्दाम भलतीकडं शोधायची. कारण ते भॉ करतील त्याच्या आधीचा तो एक क्षण तिला सोसायचा नाही. तो लांबवावा, आणि तो लवकर संपावा, दोन्ही एकदमच वाटायचं. आता तो क्षण दिवसच्या दिवस चालला होता. आणि एकदा, बसथांब्यावर, तिनं मान वर केली तर रस्त्यापलीकडं मास्तर उभे होते. इस्पितळाचे कपडे नव्हते. कुणाचा तरी मापाचा नसलेला शर्ट होता, पण त्यांनी तो खांद्यात बरोबर करून घेतला होता. गळ्यात टेप. ते तिच्याकडं पाहत होते, म्हणजे तिच्या चेहऱ्याकडं नव्हे, जरा खाली, खांद्यांकडं, कॉलरकडं. शिंपी गिऱ्हाईक दारातून येताना पाहतो तसं. तिला ओरडायचं होतं. थांब्यावर माणसं होती, एक तर चांगला धिप्पाड होता. पण ओरडून काय सांगणार? तो बघा, तो उभा आहे? मध्ये बस आली, आणि बस गेली तेव्हा तिथं नुसती भिंत होती. ती बसमध्ये चढलीच नव्हती. धिप्पाड माणूस म्हणाला, "ताई, हीच तुमची होती ना?"

त्यानंतर चार दिवस ती घराबाहेर पडली नाही. पाचव्या दिवशी तोंडी परीक्षा होती, चुकवली असती तर वर्ष गेलं असतं. जाताना मावशीनं बसपर्यंत सोबत केली, येताना मैत्रिणीनं जिन्यापर्यंत. दुपार होती. जिन्यात ऊन होतं, कुणाच्या तरी घरात रेडिओ लागला होता. दार नुसतं ओढलेलं होतं. सुट्टी काढून घरी राहिलेली मावशी गच्चीवर गेली होती, वाळत टाकलेल्या चादरी काढायला. पायऱ्यांवरूनच तिचा आवाज ऐकू येत होता, वरच्या बाईशी बोलत होती. मावशीनं जन्मभर दार मागं ओढलं होतं आणि जन्मभर ते खटका पडून आपोआप लागलं होतं. नव्या कुलपाला किल्ली फिरवावी लागते. हत्तीला अडवणारं ते कुलूप उघडंच राहिलं होतं, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा ती आत आलेली होती, आणि मास्तर खिडकीपाशी उभे होते.

"उशीर केलात बाई," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. थकवा होता. त्यांच्या हातात कापडाची मोठी कात्री होती, काळ्या मुठीची. ते म्हणाले, "मी वाट बघितली. जेवण गार व्हायचं. मामा म्हणायचे, नाही येणार. मी म्हटलं, त्या तसं बोलणाऱ्यातल्या नाहीत. मग वाटलं, काही अडचण असेल. म्हटलं आपणच जावं." तिला शिकवलेलं सगळं आठवत होतं. हळू बोला, डोळ्यांत पाहू नका, वाट अडवू नका. हे सगळं दुसऱ्या कुणाला शिकवलं होतं आणि ती फक्त शेजारच्या बाकावर बसून ऐकत होती. "मास्तर," ती म्हणाली, "बसा ना." ते म्हणाले, "बसून काम होत नाही. हा कोट कुणी शिवला? कॉलर बघा कशी मागं ओढतेय. तुम्ही निघालात त्या दिवशी पण मला तेच दिसत होतं, पण हातात कात्री नव्हती." ते तिच्या मागं आले. पाठ देऊ नकोस, मामा म्हणाले होते. पण तिनं दिली नव्हती, ते फिरून आले होते, आणि तिचे पाय वळत नव्हते. मानेवर त्यांची बोटं लागली, कोरडी, वजन नसलेली. त्यांनी केस हलकेच बाजूला केले. मग लोखंड लागलं. ते गार नव्हतं, हातात राहून कोमट झालेलं होतं, आणि तेच तिला जास्त भयंकर वाटलं. "कॉलर उसवतोय," मास्तर म्हणाले. "हलू नका." कच्च. एक टाका. कच्च. दुसरा. प्रत्येक टाक्याला कानामागं एक बारीक ओढ बसायची आणि सुटायची. ती श्वास मोजून घेत होती. पुढं काय होणार हे तिला माहीत नव्हतं. त्यांनाही माहीत होतं की नाही, कुणास ठाऊक. पण त्या क्षणी, त्या एवढ्या वेळात, दोघांमध्ये एक काम चाललं होतं आणि ते काम नीट चाललं होतं. रेडिओवर कुणी बाई हवामान सांगत होती. तिला वाटलं, कॉलर पुरी उसवेपर्यंत तरी आपण जिवंत आहोत.

मावशी चादरींचा ढीग छातीशी धरून दारात आली. तिनं पाहिलं आणि ती किंचाळली. अशी किंचाळी तिनं मावशीच्या तोंडून कधीच ऐकली नव्हती. आणि ती वळली. तिनं ठरवलं नव्हतं, अंगच वळलं, मावशीकडं, लहान मूल वळतं तसं, आणि वळताना कात्रीचं उघडं पातं गळ्याच्या बाजूनं सरकत गेलं. दुखलं नाही. नुसतं ऊन पडावं तसं गरम झालं. तिनं पातं उजव्या हातानं धरलं, तेव्हा हात फाटला. मास्तर म्हणाले, "हललात." एवढंच. मग कात्री खाली पडल्याचा आवाज झाला, आणि त्यांनी दोन्ही हातांनी, कोटाच्या अर्धवट उसवलेल्या कॉलरसकट, तिचा गळा दाबून धरला. घट्ट. रक्त त्यांच्या बोटांतून येत होतं. ते तिच्याबरोबर खाली बसले, हात न सोडता. मावशी ओरडत होती, "गळा दाबतोय! अरे धावा, गळा दाबतोय माझ्या पोरीचा!" जिन्यात पायांचा दणदणाट झाला. त्यांना ओढलं तेव्हा ते हात सोडेनात, म्हणून त्यांच्या डोक्यात काहीतरी घातलं. त्यानंतर तिच्या डोळ्यांसमोर फक्त छत होतं, आणि मावशीनं मानेवर दाबलेली चादर, उन्हात वाळलेली, कडक.

शुद्धीवर आली तेव्हा पांढऱ्या खोलीत होती. गळ्याभोवती जाड पट्टी, उजव्या हाताला बँडेज, डाव्या हाताला सलाईन. डॉक्टर उशाशी कुणाला तरी सांगत होते, शीर थोडक्यात वाचली, कुणीतरी लगेच दाबून धरलं म्हणून पोरगी हाती लागली. मावशी म्हणाली, "मी धरलं. चादर होती हातात." ती खोटं बोलत नव्हती. तिनंही धरलं होतं. इथल्या सिस्टरनं बजावलं, बोलायचं नाही, मान वळवायची नाही, टाके निघतील. बरेच दिवस. आणि मग चौकीतला हवालदार आत आला, या वेळी त्याच्याबरोबर साहेब होते. साहेब चांगले होते. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि मऊ आवाजात म्हणाले, "त्रास देत नाही. एकच विचारायचंय. त्याला आज संध्याकाळीच इथून हलवायचंय, परत त्या इस्पितळात नाही, पक्क्या जागी, जिथून पुन्हा बाहेर यायचा प्रश्नच नाही. त्यासाठी तुमचं एवढं हवं. बोलू नका. हो असेल तर डोळे मिटा. नसेल तर उघडे ठेवा. कळलं?" कळलं होतं. "त्यानं आधी कात्रीनं वार केला, आणि मग गळा दाबला. बरोबर?"

तिनं डोळे उघडे ठेवले. प्रश्नातला शब्द न शब्द घडलेल्या गोष्टीतूनच उचललेला होता, कात्री, गळा, दाबणं, आणि तरी तो सगळा वेगळाच कपडा झाला होता. तिला सांगायचं होतं की मी वळले. पुढं त्यांनी काय केलं असतं ते मला माहीत नाही, कदाचित केलंही असतं, त्या दुकानात त्या दिवशी काय झालं तेही आता मला माहीत नाही. पण माझ्या वेळी मी वळले. एवढं तरी. तिनं छताकडं पाहिलं, मग साहेबांकडं. डोळे उघडे. नंतर सांगितलं तर? नंतर सांगेन तर म्हणतील घाबरलीय, दया येतेय, अशा मुलींचं असं होतं. तिला वर्गात शिकवलं होतं, अशा मुलींचं असं होतं. तिनं डोळे आणखी ताणले. हवा लागून ते चुरचुरू लागले, कडेला पाणी जमलं, खोली हलायला लागली, साहेबांचा चेहरा पाण्याखाली गेल्यासारखा झाला. एक थेंब कानाकडं ओघळला. साहेब वाट पाहत होते. त्यांना घाई नव्हती.

"बघा कशी टक लावून बघतेय बिचारी," मावशी म्हणाली. "अजून भेदरलीय हो. तो माणूसच दिसत असेल तिला डोळ्यांपुढं." ती पलंगावर वाकली. तिच्या हातांना काचा पुसायच्या औषधाचा वास होता. पदर बोटाला गुंडाळून, रोज काच पुसते तितक्याच हळुवारपणे, तिनं आधी एका डोळ्याचं पाणी टिपलं आणि मग दुसऱ्या. पापण्या आपोआप मिटल्या.

"झालं," साहेब म्हणाले आणि खुर्ची मागं सरकवली. "हो म्हणाल्या."